काका, तुम्ही आईला सूर विचारलात

ती. स्व. काकांना सा. न.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही जिन्यात उभं राहून दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. गल्लीही सांगत नाही. सांगलीत तुमचं घर आहे, एवढं सांगितलेलं चालेल ना? पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. आईला जे ऐकून घ्यावं लागलं तेही चार लोकांसमोरच होतं, मग जे चांगलं झालं ते तरी घरात का झाकून ठेवायचं?

आईच्या लहानपणची ठुमरी जुन्या तबकडीवर ऐकायला आम्ही तुमच्याकडे आलो, त्या दुपारला आता आठ दिवस झाले. परवा ह्यांना सगळं सांगायला बसले, तर तुम्ही उठून पंखा बंद केलात तिथपर्यंत आले आणि पुढे बोलताच येईना. म्हणून लिहून काढतेय.

आई मिरजेची, हे तुम्हाला माहीत आहेच. पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिचा जन्म १९४१ चा, माहेर ब्राह्मणपुरीत. आजोबांकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि अकरा तबकड्या. त्यातली किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, ही आईची. म्हणजे भावंडांत तशी वाटणीच झालेली होती. मामाला नाटकातली पदं आणि आईला खाँसाहेब. खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरात गेले. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगापेरुमल कोइल स्टेशनवर उतरले आणि तिथंच फलाटावर संपले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं, तेव्हा आजोबा त्या गर्दीत होते. आईचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला. तरी ती खाँसाहेबांबद्दल बोलते ती घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी. ‘खाँसाहेब दुपारी असायचे’ म्हणते. दुपारी म्हणजे जेवणं आटपल्यावर, माजघरात, आजी पान लावत असताना. सुई बदलायचं काम आईचं. पोलादी सुया असायच्या, छोट्या पत्र्याच्या डबीत, आणि आजोबांचा नियम कडक होता. एका बाजूला एक सुई. जुनी परत लावलेली दिसली की त्या दिवशी ग्रामोफोन बंद.

लग्नानंतर ती तबकडी आईबरोबर पुण्याला आली. ट्रंकेत दोन लुगड्यांच्या मध्ये ठेवली होती, तरी तडकली. लाखेची तबकडी ती, कौलासारखी फुटते. आईनं तिचा अर्धा तुकडा कित्येक वर्षं कपाटात ठेवला होता. मी लहानपणी त्याच्या रेघांवरून नख फिरवायची आणि आई ओरडायची.

गेली दोन वर्षं आईला विसरायला होतं. वार आठवत नाही, गोळी घेतली का ते आठवत नाही, एखाद्या संध्याकाळी मला मावशी समजते. पण ती ठुमरी गुणगुणायची तिची थांबली नव्हती. गेल्या दिवाळीच्या सुमारास एक दिवस मध्येच थांबली आणि म्हणाली, “मूळचं लाव ना.” मी फोनवर शोधून लावलं. अर्धा मिनिट ऐकलं आणि तोंड फिरवलं. “हे नाही. हे कुणीतरी घाईत म्हणतंय.” दुसरं लावलं, खरखर काढून अगदी स्वच्छ केलेलं. त्यावर म्हणाली, “ह्यात तंबोरा कुठाय?”

खरं सांगते काका, मलासुद्धा तेव्हा वाटलं की हे तिच्या आजाराचं आहे. खाँसाहेब तेच, ठुमरी तीच, शब्द तेच. मी दोनतीनदा तिची समजूत काढली. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाहीये.

मग शोध सुरू झाला. कुठं कुठं गेले ते सगळं लिहीत बसत नाही. एका ठिकाणी अर्ज मागितला, त्याला उत्तर आलं नाही. एका गृहस्थांकडे हजारोंनी तबकड्या आहेत असं ऐकून गेले, तर त्यांनी दार निम्मं उघडून सांगितलं की आता सगळं इंटरनेटवर आहे, तबकडी कशाला हवी. निदान खुर्ची तरी द्यायची हो, आई जिन्यानं दोन मजले चढून आली होती. तेही मी विसरले असते. विसरता येत नाही ते पुढचं.

एका घरी महिन्यातून एकदा मंडळी जमतात आणि एकच चीज वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांतून ऐकतात, असं कळलं. मला फार आनंद झाला होता. आईला नवीन साडी नेसवून घेऊन गेले. त्या दिवशी ‘जमुना के तीर’ होती. आधी खाँसाहेबांची भैरवी, मग भीमसेनजींची. गुरूचे गुरू आणि मग नातवाच्या नात्याचा शिष्य, मध्ये सवाई गंधर्व, खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजींचे गुरू. बेत किती सुंदर होता. आईसुद्धा ताठ बसून ऐकत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, वेळ आहे तर ‘पिया बिन’ही लावू. आणि लावलं. आई पहिल्याच ओळीला म्हणाली, “सूर चढलाय.” मोठ्यानं म्हणाली, तिला आता आवाजाचा अंदाज राहत नाही. यंत्राशेजारी बसलेले गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. आईकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “असू द्या हो, त्यांना आता कुठलं आठवायला.” दोघंतिघं हसले. मग भीमसेनजींची भैरवी वरचढ की खाँसाहेबांची, यावर त्यांचा वाद सुरू झाला आणि तो रंगला. आईनं पदर सारखा केला आणि मला हळूच विचारलं, “मी काय चुकीचं बोलले गं?”

त्यानंतर तिनं ती ठुमरी गुणगुणणं सोडलं. जवळजवळ चार महिने.

आता तुमचं. तुमचा नंबर एका ओळखीतून मिळाला. मी फोनवर भीतभीत सगळं सांगितलं, आई असं म्हणते, तसं म्हणते, तिला विसरायला होतं वगैरे. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. सगळं ऐकून विचारलंत, “ग्रामोफोन घरात कुठं ठेवलेला असायचा?” मी म्हटलं, माजघरात. “मग बरोबर. माजघरात तंबोरा ऐकू येणारच.” तेवढ्यावर मी गाडी ठरवली.

मे महिना होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तुमच्या खोलीत लोखंडी अँगलची मांडणी आणि खाकी कागदाच्या पाकिटांत उभ्या ठेवलेल्या तबकड्या. किती आहेत ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. आधी कोकम सरबत दिलंत, आईचा पेला स्वतः तिच्या हातात धरवलात. मग उठून पंखा बंद केलात. खिडकी लावलीत. “तंबोऱ्यावर बसतो हा,” एवढंच पंख्याबद्दल म्हणालात. घामानं सगळेच भिजलो होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं.

तुम्ही पहिल्यांदा तबकडी नेहमीच्या गतीनं लावलीत. मी फोनवर ऐकलं होतं त्यापेक्षा कितीतरी भरीव वाटली. तुम्ही म्हणालात की या तबकडीची रेघ एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या हळू फिरणाऱ्या रेकॉर्डच्या, रेघेच्या जवळपास तिप्पट रुंद असते, एलपीची सुई लावली तर ती तळाशी घसटत जाते आणि नुसती खरखर गोळा करते. पुष्कळांनी तशीच नक्कल केलेली असते, मग ती खरखर यंत्रानं पुसतात आणि पुसताना तंबोऱ्याच्या तारा आणि खाँसाहेबांचा श्वासही जातो. आई विचारत होती तो तंबोरा असा पुसला गेला होता. हे ऐकूनच मला रडू यायला लागलं होतं.

पण आईचा चेहरा अजून बंदच. “तंबोरा आहे,” म्हणाली. आणि गप्प.

तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठून खाली, तिच्या पायांशी सतरंजीवर बसलात. पेटी पुढ्यात ओढलीत. आणि म्हणालात, “अक्का, तुमच्या घरात खाँसाहेबांचा सा कुठं लागायचा? तेवढा मला द्या.”

काका, मी तोंड उघडलं होतं. तिच्या वतीनं काहीतरी बोलायला, ‘तिला आता’ असंच काहीतरी. दोन वर्षांत मला ती सवयच लागली आहे. डॉक्टरांकडे, बँकेत, भाजीवाल्याशी, सगळीकडे आईच्या आधी मी बोलते. तुम्ही माझ्याकडे न बघता हात वर केलात. नुसता तळवा. आणि आईकडे बघत बसून राहिलात.

किती वेळ गेला असेल? मला तो फार मोठा वाटला. बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. आईनं डोळे मिटले, मांडीवर बोटं ठेवली आणि सा लावला. ८४ वर्षांचा आवाज, थरथरत होता, पण जागेवरून हलला नाही. तुम्ही पेटीवर बोट ठेवलंत, तिथं नाही, त्याच्या खालची पट्टी, तिथं मिळाला. तबकडीच्या सुरापेक्षा अर्धा सूर खाली. तुम्ही सूर धरून ठेवलात आणि आई त्यावर सा लावतच राहिली. मग तुम्ही उठलात, यंत्राची गती कमी केलीत, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवलीत. आईनं मान हलवली, अजून. पुन्हा थोडी कमी केलीत. खाँसाहेबांनी पहिली ओळ घेतली आणि आई म्हणाली, “हां. आले.”

एवढंच म्हणाली. ‘आले.’

नंतर तुम्ही मला समजावलंत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जागी साधारण साडेत्र्याहत्तर झाल्या की सगळं गाणं अर्ध्या सुरानं खाली येतं, लयही तेवढी सैलावते. चावीच्या ग्रामोफोनची गती एका गव्हर्नरवर, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या भागावर असते, त्याचा स्क्रू फिरवून ती कमीजास्त करता येते, आणि बरीच वर्षं वापरलेल्या यंत्रात ती सरकते. म्हणजे आजोबांचं यंत्र सावकाश फिरत असणार. मी विचारलं, मग बरोबर सूर कुठला, तबकडीचा की आमच्या घरचा? तेव्हा तुम्ही सांगितलंत की लेबलावर ७८ लिहिलं म्हणून मुद्रण तेवढ्याच फेऱ्यांनी झालं असेल असं दर वेळी छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, जुन्या तबकड्यांत तर नाहीच. “आणि अक्कांनी ऐकलं ते ऐकलंच की,” म्हणालात. “त्या घरात तोच सूर होता. त्याला चूक कसं म्हणू?”

मग तुम्ही आणखी दोन प्रती काढल्यात, त्याच ध्वनिमुद्रणाच्या, नंतरच्या काळात पुन्हा काढलेल्या. तिन्ही एकामागून एक, आईच्या सुरात. प्रत्येकीनंतर तुम्ही थांबायचात आणि आईला विचारायचात. दुसऱ्या प्रतीला आई म्हणाली, “ह्यात खाँसाहेब लांब बसलेत.” तुम्ही वही काढलीत आणि ते वाक्य लिहून घेतलंत. मी वाकून बघितलं. तारीख, प्रतीचा क्रमांक, तुमच्या स्वतःच्या बारीक अक्षरातल्या नोंदी, आणि त्याखाली ‘मिरजेच्या अक्का: लांब बसलेत’. चाळीस वर्षांच्या तुमच्या नोंदींच्या वहीत माझ्या आईचं म्हणणं लिहिलं गेलं. त्या बैठकीत जे हसले त्यांना ही वही दाखवावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

मी त्या लोकांचा फार विचार केला. ती माणसं अडाणी नव्हती. राग ओळखत होती, घराण्यांबद्दल माझ्या दसपट जाणत होती. कुठली तबकडी कोणत्या साली निघाली ते त्यांच्या जिभेवर होतं. पण शेजारी बसलेल्या बाईच्या कानात ऐंशी वर्षांपूर्वीची मिरजेची दुपार शाबूत असू शकते, हे त्यांच्या मनातच आलं नाही. ध्वनिमुद्रणं ताडून बघायची तर ऐकणाऱ्या माणसांचे कानही मोलाचे असतात ना? नाहीतर जमायचं कशाला, एकेकट्यानं आपापल्या घरी ऐकावं.

मला आमचा वाडा आठवला. सदाशिव पेठेत आम्ही राहायचो तेव्हा अख्ख्या वाड्यात रेकॉर्ड प्लेअर एकच, वरच्या मजल्यावरच्या एका शिक्षकांकडे. पण रेकॉर्डी दहा घरांत. ज्याच्याकडे जी असेल ती तो रविवारी सकाळी कापडी पिशवीत घालून वर घेऊन यायचा. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची ती १९६० ची एलपी आमच्याकडे होती, बाबांनी पगारातून घेतलेली. बाबा मारव्याची बाजू वर करून द्यायचे आणि दाराशी बसायचे. एकदा कोकणातून कुणाकडे तरी पाहुणे आले होते, लाकडाचे व्यापारी. त्यांनी आयुष्यात मारवा पहिल्यांदा ऐकला. ऐकून झाल्यावर म्हणाले, “ह्याला घरी जायचंय आणि वाट सापडत नाहीये.” कुणी हसलं नाही. शिक्षक म्हणाले, “परत लावू या, हे डोक्यात ठेवून.” आणि पूर्ण बाजू परत लावली. मला वाटतं मी सात-आठ वर्षांची असेन. नंतर मारव्यावर मी पुष्कळ वाचलं, त्यात षड्ज, म्हणजे सा, किती वेळ दूर ठेवतात वगैरे. त्या व्यापाऱ्यांनी ते एका वाक्यात सांगून टाकलं होतं, आणि ते आमच्यापर्यंत पोचलं कारण खोलीतल्या माणसांनी त्यांना बोलू दिलं.

तसली माणसं संपली अशी माझी समजूत झाली होती. आई चार महिने गप्प होती तेव्हा तर पक्कीच झाली होती. तुमच्याकडून निघताना गाडीत आई खिडकीशी बसून गुणगुणायला लागली, जयसिंगपूर यायच्या आतच, आणि ड्रायव्हरनं आपण होऊन रेडिओ बंद केला. त्यालाही माझे आभार. तो पोरगा पंचविशीतला असेल. आईला म्हणाला, “म्हणा आजी.”

निघताना तुम्ही पेन ड्राइव्ह दिलात त्याचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणालात, अक्कांनी मला सूर दिला, फिटलं. तो पेन ड्राइव्ह मी घरी येऊन लावला. त्यात दोनच फाइली. एकीचं नाव ‘७८’. दुसरीचं नाव ‘अक्कांचं माजघर’. काका, ते नाव वाचून मी आणि हे, आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

आता रोज दुपारी जेवणं झाली की ‘माजघर’ लावते. पंखा आधी बंद करते. काल मी विसरले, तर आईनंच पंख्याकडे बोट दाखवलं. तिला माझं नाव काल सकाळी आठवत नव्हतं. तुमचं घर मात्र आठवतंय. ‘पायांशी बसले होते ते’ असं म्हणते तुम्हाला. आणि मी आता डॉक्टरांकडे गप्प बसायला शिकतेय. सोमवारी त्यांनी विचारलं, झोप लागते का, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. आईनं जरा वेळ लावला, पण तिनं सांगितलं. पहाटे चारला जाग येते, म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं.

तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिलाय. काकूंनी प्रवासात खायला धपाटे दिले होते तो. रिकामा परत करायचा नाही असं आईचं म्हणणं आहे, म्हणून बेसनाच्या वड्या केल्यात, प्रमाण तिनं सांगितलं आणि ते बरोबर निघालं. आणखी एक विचारते, संकोच न करता सांगा. तुमच्याकडे खाँसाहेबांचा जोगिया आहे का, ‘पिया मिलन की आस’? आई म्हणते, तो आजोबांकडे नव्हता, शेजारच्या वाड्यात होता आणि भिंतीपलीकडून ऐकू यायचा. भिंतीपलीकडून कसा ऐकू यायचा ते ती येऊन सांगणार आहे.

पुढच्या महिन्यात कुठलाही दिवस चालेल. तुम्ही कळवा.

तुमची,
मिरजेच्या अक्कांची मुलगी